एकही चपटी नाही

फ्रान्समधल्या कॉमेर्सीत गिऱ्हाईक गावचं की बाहेरचं, हे ओळखायला त्याला बोलतं करावं लागत नाही. मादलेन, म्हणजे इथला लोण्याचा छोटा केक, हातात घेतली की पाहुणा पोटाकडची शिंपल्याची नक्षी बघतो आणि "किती गोंडस!" म्हणतो. गावचा माणूस ती पालथी करतो आणि पाठीवरचं टेंगूळ अंगठ्यानं चाचपतो. नक्षीचं काय कौतुक, साचा चांगला असला की ती कुणाचीही उठते. टेंगूळ मात्र कमवावं लागतं. पीठ रात्रभर तळघराच्या गारव्यात मुरवायचं, सकाळी तसंच गारठलेलं साच्यात घालून तापलेल्या भट्टीत ढकलायचं, तेव्हा कुठे ते मधोमध फुगून वर येतं. ज्याच्या मादलेनी चपट्या, त्यानं दुसरा धंदा बघावा, असं इथे लोक तोंडावर सांगतात.

मोरिसेतच्या दुकानातल्या प्रत्येक लंबगोल लाकडी डबीवर एक ओळ छापलेली असे: "मार्शाल. तीन पिढ्या, एकही चपटी नाही." ओळ तिच्या आईची. मोरिसेतचं लग्न झालं, यथावकाश नवराही गेला, पण दुकानावरचं मार्शाल हे माहेरचं नाव आणि डबीवरची ती ओळ कुणी हलवली नाही. सत्तराव्या वर्षीही ती रोज सकाळी गल्ल्यामागे ताठ उभी राही. पर्यटकांची बस आली की ती ओळ मोठ्यानं म्हणून दाखवी. लोक टाळ्या वाजवत, मग कॉफीत मादलेन बुडवून डोळे मिटत. मादलेन खाताना डोळे मिटून काहीतरी आठवायचं असतं, अशी कुठल्याशा कादंबरीवरून झालेली त्यांची समजूत. मोरिसेत मनात म्हणे, आठवा बाबांनो, तुमच्यापाशी आठवण्यासारखं बरं काही असेल.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी पन्नाशीच्या आसपासची एक बाई दुकानात आली. अंगात शाळेच्या बसच्या ड्रायव्हरांचं असतं ते पिवळं जाकीट, हातात चाव्यांचा जुडगा.

"मादाम मोरिसेत आपणच ना? मी नादेज. फेर्नांदची मुलगी. माझी आई पूर्वी तुमच्याकडे कामाला होती."

मोरिसेत डबीला फीत बांधत होती. ती गाठ सुटली.

आणि नेमकं तेव्हाच आतून जोझियानचा आवाज आला. जोझियान गेली बावीस वर्षं मार्शालांची भट्टी सांभाळते आणि तिचा आवाज चर्चच्या घंटेला भारी आहे. "मादाम! या घाण्यात चार फेर्नांद निघाल्या हो! बाजूला काढू की कोंबड्यांना टाकू?"

नादेज हसली. "हे काय? माझ्या आईचं नाव कशाला तरी ठेवलंय की काय तुम्ही?"

"छे छे," मोरिसेत म्हणाली. "साच्याची एक जात असते. जुनी."

म्हणजे तेवढ्यात एक नवी थाप मारून झाली. थाप मारताना जीभ अडखळलीदेखील नाही, हे तिचं तिलाच जाणवलं आणि मानेपर्यंत गरम वाफ चढली.

नादेजचं काम साधं होतं. फेर्नांदला विस्मरणाचा आजार जडून चार वर्षं झाली होती. नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात ती खिडकीपाशी बसून असे. बोलणं जवळजवळ थांबलेलं. आश्रमात दर गुरुवारी म्हाताऱ्यांना जुन्या चवी खाऊ घालून काही आठवतं का बघतात. "मागच्या गुरुवारी कोबीचं सूप होतं. एका आजोबांना बायको आठवली आणि ते रडले. दुसऱ्यांना आठवलं की आपल्याला कोबी मुळीच आवडत नाही, त्यांनी वाटीच फेकली." नादेजनं चाव्या खुळखुळवल्या. "आईला कशानंच काही होत नाही. म्हटलं, तुमच्याकडच्या मादलेनी न्याव्यात. जुन्या मादामच्या वेळी असायच्या, अगदी तशा. आणि तुम्हीच घेऊन आलात तर फारच छान. ओळखीचं माणूस."

"इतक्या वर्षांनी मी कसली ओळखू येतेय!"

"या हो. एक मात्र सांगते, आमच्या घरात मादलेन कधीच आली नाही. कॉमेर्सीत राहून! शाळेत पोरं मला चिडवायची. आई म्हणायची, माझा हात त्यातला नाही, मी विसरभोळी, म्हणूनच तर मला मार्शालांकडून काढलं."

मोरिसेतनं फीत पुन्हा बांधली. येते म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

घडलं होतं ते असं.

अठ्ठावन्न सालचा मे महिना. मोरिसेत सतरा वर्षांची, फेर्नांद चोविसाची. त्या काळी पॅरिसची गाडी कॉमेर्सीला थांबली की पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका फलाटावर मादलेनींच्या करंड्या घेऊन धावत आणि डब्यांच्या खिडक्यांशी ओरडून ओरडून विकत. ती टोपी मिळणं म्हणजे मान होता. फेर्नांदला ती मिळून जेमतेम तीन आठवडे झाले होते. तिचा आवाज खणखणीत, हसणं त्याहून खणखणीत. पडत्या पावसातही ती रिकामी करंडी घेऊनच परत येई. मादामसमोर, म्हणजे मोरिसेतच्या आईसमोर, ती मोरिसेतला अदबीनं "मादमोझेल" म्हणायची. मादामची पाठ वळली की "चिमणे". मोरिसेतला बहीण नव्हती. तिला ते "चिमणे" फार आवडायचं.

उपजिल्हाधिकाऱ्यांच्या मुलीच्या लग्नासाठी साठ डब्या द्यायच्या होत्या. आदल्या संध्याकाळी पीठ कालवून तळघरात ठेवायचं काम आईनं मोरिसेतवर सोपवलं आणि ती मावशीकडे गेली. त्याच संध्याकाळी नदीकाठी जत्रेचा नाच होता. मोरिसेतनं विचार केला, पीठ काय, सकाळी लवकर उठून कालवू. ती नाचायला गेली. कुणाबरोबर नाचली ते तिला आज आठवतही नाही.

सकाळी तिनं घाईघाईत पीठ कालवलं. लोणी गरमच ओतलं, मिश्रण कोमट होतं तसंच साच्यात भरलं आणि भट्टीत सरकवलं. फेर्नांद कामावर आली तेव्हा पहिली तीन ताटं बाहेर निघाली होती. एकाही मादलेनीवर टेंगूळ नव्हतं. सगळ्या पालथ्या हातासारख्या सपाट.  फेर्नांदनं मोरिसेतच्या केसांत अडकलेला जत्रेतल्या कागदी फुलाचा तुकडा काढला आणि आपल्या खिशात टाकला.

मग आई आली. ताटांसमोर उभी राहिली. आवाज न चढवता तिनं विचारलं, "पीठ कुणी ठेवलं होतं?"

"फेर्नांदनं," मोरिसेत म्हणाली.

एवढंच. एक शब्द. फेर्नांदनं तिच्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि म्हणाली, "हो मादाम, माझंच चुकलं. तळघरात न्यायचं विसरले."

आईनं तिच्या डोक्यावरची पांढरी टोपी स्वतःच्या हातानं काढून घेतली. लग्नाला दुसऱ्या दुकानाची मादलेन गेली. सगळा चपटा माल डुकरांच्या वाट्याला गेला आणि फेर्नांद तारांच्या कारखान्यात लागली. तिथे तिनं एकतीस वर्षं काढली.

इथवर झालं ते एका घाबरट पोरीनं केलं, असं कुणी म्हणू शकेल. मोरिसेत स्वतः तसं हजारदा म्हणाली होती. पण पुढचं? पुढच्याच आठवड्यात एका घाण्यात दोन मादलेनी चपट्या निघाल्या, तेव्हा आई कुत्सितपणे म्हणाली, "ही बघा, फेर्नांद आली!" सगळ्या कामवाल्या हसल्या. मोरिसेतही हसली. तेव्हापासून चपट्या मादलेनीचं नाव पडलं फेर्नांद. कामवाल्या बदलल्या, नाव राहिलं. दुसऱ्या दुकानांतही गेलं. आता गावात निम्म्या भट्ट्यांवर "आज किती फेर्नांद?" असं विचारतात, आणि फेर्नांद नावाची कुणी हाडामांसाची बाई होती हे कुणाला ठाऊक नाही.

बाजारात कधी समोरासमोर गाठ पडे. फेर्नांद मान लववून म्हणे, "बोंझूर, मादमोझेल मोरिसेत." मोरिसेत कांद्यांच्या टोपलीत डोकं घाली. आई वारली तेव्हा फेर्नांद चर्चमध्ये मागच्या बाकावर येऊन बसली होती. मोरिसेत मुद्दाम बाजूच्या दारानं बाहेर पडली. पुढे तिनं मनाची एक समजूत घालून घेतली: फेर्नांदला त्या दिवशी खरंच वाटलं असेल की पीठ ठेवायचं आपल्याकडेच होतं. गोंधळली असेल बिचारी. कामाच्या धबडग्यात होतं असं. ही समजूत इतकी सोयीची होती की मोरिसेतनं ती पन्नास वर्षं निगुतीनं सांभाळली.

बुधवारी संध्याकाळी ती भट्टीघरात आली. पीठ कालवायला हवं होतं. मैदा चाळला, लिंबाची साल किसली, अंडी काढून ठेवली. मग हात थांबले.

फेर्नांदला आठवलं तर?

तिच्या मुलीसमोर, त्या सगळ्या आजीआजोबांसमोर आणि आश्रमाच्या गप्पिष्ट नोकरमाणसांसमोर तिनं ते बोलून दाखवलं तर? सत्तर वर्षांच्या बाईला कसली भीती असावी? आजारपणाची, फार तर मरणाची. मोरिसेतला त्या घटकेला या दोहोंचीही भीती वाटत नव्हती. तिला भीती होती ती एका आजारी म्हातारीच्या तोंडून दोन वाक्यं बाहेर पडण्याची. डबीवरच्या ओळीची भीती होती. शनिवारी दुकानात रांगेत उभे राहणारे लोक एकमेकांना कोपर मारतील याची भीती होती.

तिनं किसलेली साल झाकून ठेवली आणि झोपायला निघून गेली.

गुरुवारी सकाळी तिनं गरम लोणी ओतलं. लिंबू घातलंच नाही, वर संत्र्याचा अर्क ओतला. पीठ मुरवलं नाही, गारठवलं नाही, कोमट होतं तसंच साच्यात भरलं. आपण काय करतोय हे तिला पक्कं माहीत होतं. चव चुकली, रूप चुकलं की आठवण येणार कुठून? आणि ठपका कुणावरच नाही. नादेज म्हणेल, आणलं तर होतं बिचारीनं, आईलाच नाही आठवलं.

जोझियाननं भट्टी उघडली आणि कमरेवर हात ठेवले. "मादाम, हे काय? सगळ्याच्या सगळ्या फेर्नांद!"

"असू दे. डबीत भर."

"ह्या? ह्या बाहेर जाणार? आपल्या घरातून?" जोझियाननं डबीवरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आश्रमात न्यायच्यात. त्या म्हाताऱ्यांना काय कळतंय."

जोझियानची स्वतःची आई त्याच आश्रमात दुसऱ्या मजल्यावर होती. तिनं डबी भरली, झाकण लावलं आणि फीत न बांधताच गल्ल्यावर ठेवून दिली. मोरिसेतला तोंडात मारल्यासारखं झालं, पण शब्द सुटून गेला होता.

आश्रमाच्या दालनात पंधरावीस म्हातारे अर्धगोल करून बसले होते. प्रत्येकासमोर वाडग्यात दूध घातलेली कॉफी. आश्रमातली उत्साही बाई, तिला सगळे सिल्वेन म्हणत, टाळ्या वाजवून म्हणाली, "आज आपल्याकडे कोण आलंय? खुद्द मार्शाल! तीन पिढ्या, एकही...?"

"...चपटी नाही!" दोनतीन आवाज एकदम उठले. ओळ त्यांनाही पाठ होती. नाव विसरलेल्या माणसांना ओळ पाठ होती.

डबी उघडली तेव्हा सिल्वेनचं हसू जरासं अडकलं. एका आजोबांनी मादलेन पालथी केली, अंगठा फिरवला आणि शेजारणीला म्हणाले, "भट्टी बिघडली वाटतं यांची." शेजारीण म्हणाली, "गप बसा. फुकटचं आहे." मोरिसेत हसल्यासारखं करत उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिचा माल लोक समोर पालथा करून बघत होते, आणि तो तिनं जाणूनबुजून बिघडवलेला होता.

फेर्नांद खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होती. मोरिसेतनं तिला ओळखलं ते हातांवरून. तारेनं कापल्याच्या पांढऱ्या रेघांनी भरलेले हात. चेहरा लहान झाला होता. नादेज तिच्यापाशी वाकली. "आई, बघ कोण आलंय. मार्शालांच्या मादाम मोरिसेत. त्यांनी तुझ्यासाठी मादलेन आणलीय."

फेर्नांदनं मादलेन घेतली. कॉफीत बुडवली नाही. सवयीनं पालथी केली आणि अंगठा पाठीवरून फिरवला. एकदा. दोनदा. मग तिनं ती मोडली, नाकाशी नेली आणि एक कण जिभेवर ठेवला.

 वर्षानुवर्षं दगडासारखा बसलेला तो चेहरा हळूच हलला. भुवया जवळ आल्या.

"पीठ मुरलेलं नाही," फेर्नांद म्हणाली.

आवाज घोगरा होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट. नादेजनं हातातला वाडगा खाली ठेवला. "आई?"

"लोणी गरम ओतलंय. कितीदा सांगितलं, लोण्याला बोट लावून बघावं म्हणून." फेर्नांदनं दालनाच्या दाराकडे पाहिलं, मग खुर्चीतून पुढे वाकून मोरिसेतची बाही पकडली आणि आवाज खाली आणला. "चिमणे, नाचायला गेली होतीस ना?"

तेव्हा कुठे मोरिसेतच्या डोक्यात उजेड पडला. फेर्नांदच्या आयुष्यातली मादलेन म्हणजे चपटीच होती की! चांगल्या तर तिनं हजारोंनी विकल्या. त्यातली एकही तिला लक्षात राहण्याचं कारण नव्हतं. आठवण येऊ नये म्हणून मोरिसेतनं सकाळी घाम गाळून जी बनवली, तीच आठवण होती. तेच गरम लोणी आणि तीच घाई. पन्नास वर्षांपूर्वी ज्या हातांनी ती चूक केली, त्याच हातांनी तिनं ती आज हुबेहूब करून आणली होती.

"फेर्नांद," ती कशीबशी म्हणाली.

"शू! मादाम आली वाटतं." फेर्नांद बाहीवर थोपटत राहिली. "घाबरू नकोस. तुला ननांच्या शाळेत डांबतील, मागच्याच आठवड्यात म्हणत होती ती. माझं काय, मी कुठेही चार कामं करीन. मी म्हणते माझंच चुकलं. तू काही बोलू नकोस. आत्ता नको. तिचा राग उतरला की मग तू सांग हं, सावकाश. सांगशील ना?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. गोंधळबिंधळ काही नव्हता. मोरिसेतनं तिच्याकडे बोट दाखवलं तेव्हाही तिला ठाऊक होतं, बाजारात मान लववताना ठाऊक होतं, चर्चमधल्या मागच्या बाकावरही ठाऊक होतं. आणि ती पन्नास वर्षं वाट बघत होती, पोर सांगेल म्हणून.

पुढच्या क्षणी फेर्नांदचे डोळे खिडकीकडे वळले. तोंडातला घास तिनं कागदी रुमालात काढला, रुमालाची घडी केली आणि गप्प झाली. पण हात बाहीवरच राहिला.

"आई काय म्हणाली?" नादेजचे डोळे भरले होते, ती हसतही होती. तिला एवढंच कळलं होतं की आई बोलली. "नाच काय, नन काय... कशाबद्दल होतं हे?"

मोरिसेतला वाट मोकळी होती. काही नाही हो, भ्रम. जुन्या काळचं काहीतरी बरळली. कुणीही विश्वास ठेवला असता. शब्द अगदी जिभेवर तयार होते. बाहीवरचा तो हात मात्र बाजूला करता येईना.

"चूक माझी होती," ती म्हणाली. आणि मग सगळं सांगितलं. नाच, कोमट पीठ, आईचा प्रश्न आणि आपलं उत्तर. सांगताना सुरुवातीला ती हळू बोलत होती, पण म्हाताऱ्यांना हळू ऐकू येत नाही. ते "काय? काय?" करू लागले आणि तिला मोठ्यानं सांगावं लागलं.

नादेज आता हसत नव्हती.

"आई आयुष्यभर गॅस बंद केलाय का, ते तीनतीनदा उठून बघायची," ती म्हणाली. "दार लावलं का, नळ बंद केला का. आम्ही हसायचो. विसरभोळी आई. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा रडली नाही. म्हणाली, मार्शालांच्या मादामनं तेव्हाच ओळखलं होतं, माझं डोकं असंच म्हणून." तिनं आईकडे पाहिलं. "खोटं स्वतः बोलली आणि बोलून बोलून शेवटी तिलाही ते खरं वाटायला लागलं."

मोरिसेतनं मान खाली घातली. आपली समजूत आपण कुरवाळत होतो, तेव्हा पलीकडे एक बाई रोज उठून गॅस तपासत होती.

"आणि परवा तुमच्या दुकानात," नादेज म्हणाली, "आतल्या बाई ओरडल्या. चार फेर्नांद निघाल्या. ती कुठल्या साच्याची जात?"

अर्धगोलातून एक आजोबा मदतीला धावून आले. "अहो, फेर्नांद म्हणजे चपटी! बिघडलेली! आमच्याकडेसुद्धा म्हणायचे. ही बघा, हीच." त्यांनी आपली मादलेन उंच धरून दाखवली.

नादेजनं त्या मादलेनीकडे पाहिलं. मग आईच्या गुडघ्यावरचे चुरे एकेक करून झटकले. "जा तुम्ही आता," ती म्हणाली. मोठ्यानंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरिसेतनं जोझियानची आधी माफी मागितली, "त्या म्हाताऱ्यांना काय कळतंय" म्हणाल्याबद्दल. मग भट्टीघरात सगळ्यांना बोलावून खरं काय ते सांगितलं आणि म्हणाली, यापुढे चपट्या निघतील त्यांना मोरिसेत म्हणायचं. कुणी हसलं नाही. जोझियाननं ओठ चावून मान डोलावली. दुपारी आतून तिचा आवाज आला, "मादाम, दोन फेर्ना..." आणि मग शांतता. संध्याकाळी तीच गत. नाव पाडायला आईला एक वाक्य पुरलं होतं, पुसायला किती लागतील याचा अंदाज येईना. समोरच्या दुकानात तर अजून तेच चालू होतं, आणि तिथे जाऊन ती कुणाकुणाचं तोंड धरणार होती?

डबीवरच्या ओळीवर तिनं कागद चिकटवले. लोक विचारत, हे काय? ती सांगे. एकदा सांगितलं की हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. नाही वाटलं. प्रत्येक वेळी कान तितकेच तापत.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी तिनं पीठ कालवलं. लोण्याला बोट लावून बघितलं. भांडं स्वतः तळघरात नेलं, पायऱ्यांवर दोनदा दम घेतला. गुरुवारी भट्टीतून मादलेनी निघाल्या त्या अशा टेंगळाच्या, की जोझियाननं न सांगता डबीला फीत बांधली.

आश्रमात नादेजनं तिला आत येऊ नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. खुर्ची मात्र सरकवली.

फेर्नांदनं मादलेन पालथी केली. अंगठा टेंगळावरून फिरला. तिनं ती खाल्ली, मग दुसरी खाल्ली. चेहऱ्यावर काही हललं नाही. "छान आहे," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. नादेजनंही एक उचलली. पन्नाशीत पहिल्यांदा चावली, आणि खाऊन संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. चांगली मादलेन होती. ती खाऊन कुणालाच काही आठवलं नाही.

तासाभरानं मोरिसेत उठली. कोट घातला. निरोप घ्यायला वाकली तेव्हा फेर्नांदनं तिची बाही पकडली.

"मग? सांगितलंस मादामला?"

आई जाऊन तेवीस वर्षं झाली होती. दालनात कॉफीचे वाडगे उचलले जात होते. "हो" म्हणायला काय लागतं, मोरिसेतला वाटलं, म्हातारीला बरं वाटेल. पण नादेज बघत होती. आणि नादेज नसती तरी आता ते जमण्यासारखं नव्हतं.

"नाही, फेर्नांद. तिला नाही सांगितलं. जमलंच नाही मला."

 तारांनी कापलेला तो हात वर नेऊन फेर्नांदनं मोरिसेतच्या पांढऱ्या केसांतून काहीतरी काढल्यासारखं केलं आणि आपल्या झग्याच्या खिशात टाकलं.

"असू दे, चिमणे," ती म्हणाली. "मी सांगते तिला, माझंच चुकलं म्हणून."

मोरिसेत अंगात कोट तसाच ठेवून पुन्हा खुर्चीत बसली.